कोणत्या धरणातून सोडलं?

७ डिसेंबर
पडलो. तीनदा! मुळा धरणाचं पाणी नाकातोंडात. मावसभाऊ समर्थ काठावर बसून मोजत होता. ही वल्ह्याची अरुंद होडी, कयाक, त्याचीच. भंडारदऱ्याला पर्यटकांसाठी टेंट लावतो, तिथली एक टेम्पोत घालून आणली. म्हणतो, जानेवारीत कोकणात नेतो, समुद्रात मासे धरू, आधी इथं पडून उठायला शीक.
रागानं वल्हं भिरकावलं. मग मलाच पोहत जाऊन आणावं लागलं.

१० डिसेंबर
निवेदिताचा फोन नाही. चार महिने झाले. सरांची कॉलर धरली आणि कॉलेजातून काढायच्या आत मीच कॉलेज सोडलं, त्या दिवशी म्हणाली होती, "तुझ्याजवळ बसलं की चुलीजवळ बसल्यासारखं वाटतं. ऊब असते रे, पण ठिणगीची भीती जात नाही. शांत झालास असं वाटलं की मीच फोन करीन. तू करू नकोस."
मोबाईल उशाशी घेऊन झोपतो. आंघोळीलाही नेतो.
शांत व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

१९ डिसेंबर
गळ टाकून दीड तास बसलो. एक मासा नाही. राग आला, पण वल्हं हातातच राहिलं. उलटलो तरी परत चढता येतं आता. समर्थ म्हणाला, लई सुधारला गड्या.

८ जानेवारी
समुद्र!
मला वाटायचं, समुद्र म्हणजे मोठं धरण. पण याला पलीकडचा काठच नाही. अर्धा तास नुसता उभा होतो.
मग घोळ. समर्थ बजावून गेला होता, कयाक बांधून ठेव. धरणावर कधी बांधली होती? तशीच रेतीवर ठेवली, चहाला गेलो. आलो तर रेतीच गायब! कयाक वाऱ्यावर लांब चाललेली. मी ओरडलो, "पाणी कुणी सोडलं? कोणत्या धरणातून?" आमच्याकडं पाणी वाढतं ते धरणातून शेतीचं आवर्तन सुटल्यावरच.
जाळं सांधणारा एक म्हातारा हसून हसून वाकला. "चंद्राने सोडलं. जा, त्याच्याकडे अर्ज कर."
मूठ वळली माझी. पण होडी त्याचीच. त्यानंच कयाक आणून दिली. पाया पडलो.
एवढं पाणी रोज दोनदा चढतं, दोनदा उतरतं. दार नाही, पाणी सोडणारा पाटकरी नाही, कुणाची पाळी नाही. कसं मावणार हे डोक्यात?

१० जानेवारी
लाईफ जॅकेट घालून पहिल्यांदा समुद्रात खरंच आत गेलो. वल्हवत मागं गळ ओढत होतो. एकदम हिसका — माशानं कयाकच फिरवली! मी त्याला नाही, तो मला ओढत होता. जोर केला असता तर दोरा तुटला असता. सैल सोडला. आवळला. परत सैल सोडला. किती वेळ, माहीत नाही. डोकं मात्र गार होतं.
हातभर सुरमई. पाठीवर असा निळा रंग, की त्याला नाव नाही. माझ्या हातातच तो विझत गेला. राग येतो तिथंच, छातीत, काहीतरी भरून आलं. पण राग नव्हता.

११ जानेवारी
खोलीवर आलो तर निवेदिताचे तीन मिस कॉल. पहिला सकाळी सातचा. मोबाईल दिवसभर उशाशीच पडून. न्यायचं ध्यानातच आलं नाही.
उद्या भरती सकाळी सहाला. माघारी आलो की फोन करीन.