वरचा मजला, खालचा मजला

डरहॅम, ९ मार्च

प्रिय व्हर्ना,

बरी आहेस ना? शिकागोत अजून बर्फ पडतोय म्हणे. इकडे सगळे ठीक. फोनवर आपलं बोलणं हवापाण्यावरच संपतं, म्हणून हे पत्र.

बातमी अशी की आमची थिया वरच्या मजल्यावरच्या वर्गात निवडली गेली. नडीन नाही. जुळ्या पोरी, आणि एकीचंच नाव आलं. आपली शाळा अजून तश्शीच आहे गं. वर हुशार मुलांचे वर्ग, त्यांत शिकायला गावाच्या त्या टोकाहून पोरं बस भरभरून येतात. खाली आपल्या वस्तीतली पोरं. जेवणाची सुट्टीसुद्धा वेगळी.

एल्विन पोरींचा बाप असून म्हणतो, "अगं, एकाच छपराखाली तर असतील! पोरगी परदेशी धाडल्यासारखं तोंड काय करतेस?" चर्चमधल्या पेटिफरबाई तर म्हणाल्या, "दोघींना अजून सारखेच फ्रॉक घालायचेत का तुला?"

मी वर जाऊन बघून आले. वर्गात मुलं इतकी थोडी की बाईंना प्रत्येकाशी बोलायला वेळ आहे. थिया तिथून हलायला तयार नव्हती. नडीन म्हणाली, "मला काय, खाली माझ्या मैत्रिणी आहेत." पण जेवताना तिने मक्याच्या पावाला हातही लावला नाही.

उद्या शाळेला हो-नाही कळवायचंय. मी का टाळतेय ते एल्विनला सांगता येत नाही, तुला सांगते. तू वर गेलीस त्या वर्षी जिन्यात मी तुला हाक मारली होती. तुझ्यासोबत नव्या मैत्रिणी होत्या. तू बघितलंस आणि तशीच पुढे गेलीस. घरी आल्यावर तू नेहमीसारखीच वागलीस, मीही गप्प बसले. फार लागलं होतं गं मला. अजून लागतं.

आज थियाला विचारलं, "जिन्यात नडीन दिसली तर काय करशील?"

"काय करणार? ओरडणार, ए ढोले, माझे मोजे घातलेस ना, काढ आधी!"

नडीन उशी घेऊन तिच्या अंगावर धावली. मी हसले, आणि मग सिंकपाशी उभी राहून पोटभर रडले. उद्या 'हो' कळवतेय.

रागावू नकोस. तू तरी तेव्हा केवढीशी होतीस! तू शिकलीस याचा मला अभिमानच आहे. ईस्टरला ये. मी दारातूनच हाक मारेन. या वेळी ओ दे.

तुझी धाकटी बहीण,
ओडेसा