पाय ठेवणार नाही म्हणालो होतो

लवंगी मिरचे,

"तुमच्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही," असं ओरडून मी जिना उतरलो, ते माझ्या पायांनी फारच मनावर घेतलं. आधी जुलाब झाले. ते थांबले, आणि पंधरवड्याने गॅरेजमध्ये काम करताना दोन्ही पाय लुळे पडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुलाबांचा जंतू केव्हाच मेला, पण त्याला मारायला निघालेली अंगातली फौज थांबली नाही. जंतूसारख्या दिसल्या म्हणून माझ्याच नसांवर तुटून पडली. आई लगेच म्हणाली, "फौजही याच्यासारखीच! भांडण संपलं तरी हात आवरत नाहीत."

मी हसलो, मग उशीत तोंड खुपसून रडलो. हे तुला कळायला नको.

आता कठडा धरून चार पावलं टाकतो. व्यायाम घेणारा दादा म्हणतो, नसा सावकाश भरून येतील, घाई नको. कॉलेज अर्धवट सोडलं तेही घाईतच. आता सावकाशपणा शिकतोय.

हे पत्र टाकणार नाही. वाचलंस तर तू धावत येशील, आणि यायचं मला आहे. तुमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, ठाऊक आहे. बेल मीच वाजवणार, उभा राहून.

तुझाच, अजून तापलेला,
भडक्या