देव्हाऱ्यात ठेवलेलं कार्ड

मंगळवार

व्याही गुणवंतराव यांस देवरावचा हात जोडून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? आमची उर्वशी वेळेवर जेवते ना? इकडे सारे ठीक, असे लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिले. फोनवर माझ्या तोंडून खोटेच निघते, म्हणून कागद घेतला.

धानाच्या खोडकिड्यावर तुम्ही ब्रह्मपुरीहून पाठवलेले, बारीक अंडी चिकटवलेले कार्ड गेल्या बुधवारी पोचले. सोबतची चिठ्ठी मी सातवीच्या अकलेने तीनदा वाचली. पतंगाच्या अंड्यात इवलीशी माशी आपले अंडे घालते, आतली अळी ते पोखरून खाते, अंडे काळे पडते, आत कोष होतो आणि शेवटी पंखवाली माशी निघून धानाच्या बांधीत खोडकिड्याची अंडी शोधते. दुसऱ्याच्या घरी बसून खायचे आणि उडून जायचे. (जावईबापूंबद्दल बोलत नाही.) माश्या निघायच्या आत कार्ड पानाखाली बांधा, हे ठळक अक्षरात होते.

पण व्याह्यांकडची वस्तू आमच्याकडे आधी पाच दिवस देवापुढे राहते. (तुमचे लाडूही राहिले होते. मुंग्यांनी नेले.) हिने कार्डाला हळदकुंकू वाहिले. मी म्हटले, आत जीव आहेत. तर म्हणते, "मंग देवापाशी नाई ठेवाचं त कुठी ठेवाचं?" चौथ्या दिवशी बघतो तर प्रत्येक काळ्या ठिपक्याला भोक. हजारो माश्या, टाचणीच्या टोकाहून लहान, शोधणार कुठे? दारे-खिडक्या उघडून मी हातवारे करत त्यांना बांधीचा रस्ता दाखवत उभा राहिलो. शेजारचा लटारू विचारून गेला, "भाऊ, कोनाले टाटा करून राह्यले?"

त्या माश्या तांदळाच्या कोठीत शिरल्या असाव्यात. तिथे सावली आहे, पतंगांची अंडी आहेत. मीही तिथेच गेलो असतो. बांधीत मात्र धानाचे मधले कोंब, पोंगे, वाळत आहेत. रोज सकाळी जातो, एक पोंगा ओढतो, तो अलगद हातात येतो, घरी परततो.

आपला, देवराव

ता.क. कार्ड बांधले, एकही पोंगा वाळला नाही, असे मी फोनवर सांगितले, आणि तुम्ही रविवारी बारा शेतकरी घेऊन ते बघायला येणार आहात. तेवढे येऊ नका. नाहीतर दोन कार्डे आधी पाठवा, पण व्याही म्हणून नको. दुकानातून आल्यासारखी पाठवा.

आणखी एक. हे पत्र जीपवाल्या विक्कीने नेले असे मी समजत होतो. व्याह्यांकडे जाणारी वस्तूही आधी देवापुढे ठेवतात, हे आज कळले. आज रविवार आहे. दारात तुमची जीप थांबली आहे. पत्र हातातच देतो. बांधीकडे निघण्याआधी वाचा, आणि कृपा करून मनातल्या मनात वाचा.