बेसमेंटमधली पैज

शनिवार, १४ जानेवारी १९८४

हरले! सगळ्यांसमोर! नागपूरला कॉलेजात कॅरमची चॅम्पियन होते मी – आणि या घराबरोबर फुकट आलेल्या पूल टेबलावर नवऱ्याने पार धुतलं. शेवटी घालवायचा काळा बॉल राहिला बाजूला, ज्याने मारायचं तो पांढराच भोकात! उल्हासचा मित्र कुमार हसला. "वहिनी, हे कॅरम नाही."

मग नेहमीचा वाद. मला या बर्फात राहायचं नाही, नागपूरला जायचंय. उल्हासला इथली नोकरी सोडवत नाही. शेवटी म्हणाला, "पूलमध्ये मला हरव. या उन्हाळ्यात कायमचे परत जाऊ." चेष्टेत म्हणाला. मी चेष्टेत घेतलं नाही.

सोमवार, १६ जानेवारी

उल्हास ऑफिसला, दीपा शाळेत. खाली उतरले. नेम आहे, पण तो बोटांत. ही काठी ऐकत नाही. लाटण्यासारखी आवळून धरते मी.

मंगळवार, ३१ जानेवारी

सैल धरली की सरळ जाते!

गुरुवार, ९ फेब्रुवारी

कळलं काय चुकतंय! कॅरममध्ये सोंगटी घेतली की स्ट्रायकर परत आपल्या हातात. कुठेही भरकटू दे, उचलून आपल्या रेघेवर ठेवायचा. इथे पांढरा बॉल जिथे थांबला तिथूनच पुढचं खेळायचं. आणि मी वेडी, नुसते बॉल घालवत सुटले होते! आता मारायच्या आधी बघते, हा थांबणार कुठे. खाली टोचला की मागे येतो, वर टोचला की पुढे जातो. कोणी शिकवलं नाही. माझं मी शोधलं.

शुक्रवार, २ मार्च

दीपा लवकर आली. जिन्यात उभी राहून बघत होती. "आई, यू आर रिअली गुड!" या मुलीला माझं कौतुक वाटल्याचं आठवत नाही मला. बाबांना सांगायचं नाही, असं ठरलं आमचं.

बुधवार, १४ मार्च

दीपा आता दप्तर टाकते आणि सरळ खाली. रोज एक डाव. खेळता खेळता शाळेतलं सगळं सांगते, अर्धं मराठीत!

शनिवार, १७ मार्च

जिंकले!!

सगळे पुन्हा आमच्याकडे जेवायला. बायका वर पुऱ्या तळत होत्या. मी एप्रनसकट खाली गेले, उल्हासला म्हटलं, हो उभा. शेवटी त्याचे तीन बॉल शिल्लक, माझा फक्त काळा. आणि पांढरा मी असा आणून थांबवला होता की काळा डोळे मिटून घ्यावा. घेतला! कुमार हसला नाही. कुमारची बायको कांचन पुऱ्या सोडून खाली आली होती, म्हणाली मलाही शिकव. अंगावर मूठभर मांस चढलं. फार वर्षांनी मला माझा इतका अभिमान वाटला.

सगळे गेल्यावर उल्हासचा चेहरा उतरलेला. पण शब्दाला जागला. "ओके. जूनची तिकिटं काढतो." दीपा काठी टेबलावर टाकून धाडधाड वर निघून गेली. मी उल्हासला हो म्हटलं.

सोमवार, १९ मार्च

उल्हासला ऑफिसात फोन केला. म्हटलं, तिकिटं काढू नकोस. टेबलाचं कापड कोपऱ्यात विरलंय, ते नवं टाकून घेऊ.