विटांवरची गाडी

सोमवार, ता. ७

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि. आपला ताप उतरला असं मामी म्हणाली, बरं वाटलं. साथीमुळे वर आपल्या खोलीत यायला मनाई आहे, म्हणून चिठ्ठी जेवणाच्या ताटाखाली ठेवतो.

आज रुग्णवाहिकेवर माझा पहिला दिवस होता. साथीत काम गेलेल्यांना गाडी शिकवायला नगरपालिकेने आपल्याला अनुदान दिलं आणि आपण अंगणात विटांवर चढवलेल्या, इंजिन नसलेल्या गाडीत आम्हाला बसवलंत. पास झाल्याचा कागदही दिलात. आज खरी किल्ली फिरवली. आरसा पाहिला, क्लच सोडला, तशी गाडी उडी मारून फाटकावर आदळली. मागे धाप लागलेल्या आजी होत्या. त्या म्हणाल्या, लेकरा, मी आपली चालत जाते. सगळे हसले. रुग्णवाहिकांच्या मुकादमाने किल्ली काढून घेतली. महिनाभर जागा राखतो, नीट शिकून ये म्हणाला.

गाडीत इंजिन बसवाल का? नाहीतर आमच्या सगळ्यांचंच हसं होईल.
आपला भाचा ससा

मंगळवार, ता. ८

चि. सशास अनेक आशीर्वाद.
नाचता येईना अंगण वाकडं! भीती तुझ्या पोटात आहे, गाडीत नाही. इंजिन पुढच्या अनुदानात बघू.

शुक्रवारी पालिकेचे साहेब वर्ग पाहायला येतील. मी इथे कोंडलेला, तेव्हा स्वागत तूच कर. विटांवर ताडपत्री टाक, वर्गाची तारीफ कर. त्यांनी होकार दिला की पुढची तुकडीही आपलीच. तुझ्या आईला मी एकुलता एक भाऊ आहे, हे विसरू नकोस.
तुझा मामा

शुक्रवार, ता. ११

ती. मामांस,
शि. सा. न. आपल्या शब्दाबाहेर गेलो नाही. ताडपत्री टाकली, तारीफ केली. साहेब म्हणाले, चालवून दाखव. मी दोन्ही साहेबांना मागे आणि त्यांच्याबरोबरच्या बाईंना शेजारी बसवलं आणि आपण शिकवलं तसंच सगळं केलं. आरसा, क्लच, गिअर. वळणावर तोंडाने भोंगा. बाजार आला, आता उतार, घट्ट धरा, असंही सांगत होतो. बऱ्याच वेळाने साहेबांनी विचारलं, निघायचं कधी? मी म्हटलं, पोहोचलो की साहेब, उतरा, रुग्णालय आलं.

दार उघडलं तर समोर मामीच्या वाळत घातलेल्या चादरी. बाई हसल्या नाहीत. त्यांनी स्वतः ताडपत्री ओढली.

आपण वरून काच बडवत होतात. मला वाटलं, शाबासकी देताय. मी हात हलवला. आईची शपथ, आपल्याविरुद्ध एक अक्षर बोललो नाही.
आपला आज्ञाधारक ससा

सोमवार, ता. २१

चि. यास,
आशीर्वाद लिहवत नाही. खाल्ल्या घरचे वासे मोजलेस! मी दारात यायला मोकळा झालो, तर दारात कुणी यायला तयार नाही. वर्ग बस डेपोत गेला. ही गाडी गुरुवारपर्यंत पालिकेच्या आवारात जमा करा म्हणतात, आणि ओढून न्यायला कुणी मिळत नाही. तुझी आई म्हणाली, त्यालाच सांग. म्हणून सांगतो.
मामा

मंगळवार, ता. २२

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून आनंद झाला. मी डेपोतच शिकतो आहे. पहिल्यांदा गाडी खरंच हलली तेव्हा मी ओरडलो होतो; आता ओरडत नाही. मुकादमाने माझी किल्ली अजून खुंटीला ठेवली आहे.

गुरुवारी डेपोचा ट्रक घेऊन मीच येईन. शिकवणारे शेजारी बसतील. चाकं आणि दोर माझ्याकडे आहेत. रस्ता बाजारातून आहे, म्हणून भर गर्दीच्या वेळी निघू. आपल्या वर्गातले सगळे फाटकाशी उभे राहणार आहेत. त्यांना आपल्याला गाडी चालवताना कधी पाहायला मिळालं नाही.

मागच्या गाडीत स्टिअरिंगवर कुणीतरी बसावं लागतं. ती जागा मी आपल्यासाठी राखली आहे. आरसा पाहायला विसरू नका. भोंगा वाजत नाही, तो तोंडानेच वाजवा.

आपला लोभ होताच. आता दोर तुटणार नाही इतका असू द्यावा.
आपला ससा