हात बसायचं पान

प्रिय आप्पा,

पत्र लिहिण्यास कारण की, आज तुमचा वह्या दाबायचा शिकंजा उघडला.

पाच महिने त्याला कुणी हात लावला नव्हता. पुढच्या खोलीत, खिडकीखाली, तुम्ही ठेवलात तिथंच होता, दोन फळ्यांत काहीतरी आवळून धरलेला. आईला वाटायचं तो रिकामाच आहे. मला वाटायचं, सुकायला ठेवलेले पुठ्ठे असतील. आज तो न्यायला माणूस येणार होता. हो, विकायला काढला होता मी. लगेच तोंड फिरवू नका, आधी ऐका! तुमच्यामागे वह्या बांधायचं काम मी बाहेर देऊन टाकलं. पाकिटं, शुभेच्छापत्रं तेवढी घरी करते. शिकंजा बघितला की मला कामच सुचत नाही, म्हणून म्हटलं जाऊ दे एकदाचा.

दांडा फिरवायला मला दोन्ही हात लागले. तुम्ही एका हातानं फिरवायचात, धाप लागत असतानासुद्धा. फळी वर आली आणि आत एक वही निघाली. उशीएवढी जाड, राखाडी, खरखरीत. उघडली आणि मी खाली फरशीवरच बसले.

वह्यांतून काढलेली ती राखाडी पानं तुम्ही टाकली नव्हतीत, आप्पा?

मला कायम वाटत आलं, की तसला कागद आणणं ही तुमची चिक्कूपणाची सवय आहे. दौलताबादजवळ, कागजीपुऱ्यात, रहीमचाचांच्या टाकीतला कागदाचा चांगला लगदा संपला की तळाला जाड, दोरे राहिलेला गाळ उरायचा. त्याचेही ते चार ताव काढायचे, आणि तुम्ही ते वेगळे बांधून लुनावर टाकायचात. चाचा दर वेळी हसायचे. "अरे, ये कचरा कायकू लेजारा रे? इसपे कौन लिखता?" तुमचंही उत्तर ठरलेलं. "ह्याच्यावर लिहायचं नसतंय, चाचा. हात बसवायचा असतोय."

तुम्ही बांधलेल्या प्रत्येक वहीला पुढं असं एक राखाडी पान. पेन चालवून बघा, रेघोट्या मारा, नाव चुकवा, शाई सांडा. मग पान उलटा, तोवर हात बसलेला असतो. वही कुणालाही द्या, आठ दिवसांनी तुम्ही विचारणारच, "काय, बसला का हात?" उस्मानपुऱ्यातली निम्मी पोरं तुम्हाला ह्याच प्रश्नावरून ओळखत होती.

पाचवीत मी ते पान फाडलं होतं. आठवतं? तुम्हाला नाहीच सांगितलं, तर आठवणार कसं! वर्गातल्या मुलींच्या वह्या दुकानातल्या, गुळगुळीत, वर मांजरीचं चित्र. माझी उघडली की पुढं गोणपाटासारखं पान. "तुझ्या वहीला पायपुसणं लावलंय का गं?" एकीनं विचारलं आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या. मधल्या सुट्टीत मी ते पान फाडून नाल्यात टाकलं. घरी आल्यावर तुम्ही विचारलंत, "बसला का हात?" आणि मी म्हटलं, "हो." खोटं बोलायला मी तिथूनच शिकले असेन.

पंधरा दिवसांत वहीचं मागचं एक पान सुटून हातात आलं, भूगोलाच्या उत्तरांसकट. बायंडरच्या पोरीला हे कळायला नको होतं का? कागद मधोमध दुमडून शिवायचा, म्हणजे पुढच्या पानाला मागं जोडपान असणारच. एक फाडलं की दुसरं सुटतं. तुम्ही काही न विचारता ते खळीनं चिकटवून दिलंत. मला वाटलं, वाचले बुवा!

पुढं मी डिझाइन शिकले आणि शहाणी झाले. बीबीच्या मकबऱ्याच्या जाळीची पाकिटं केली, हिमरू शालींच्या बुट्ट्यांची शुभेच्छापत्रं केली. "तुला हे सुचतं तरी कुठून?" असं लोक विचारायचे आणि मी ऐटीत कुठल्या कुठल्या गोष्टी सांगायचे. वह्या मात्र तुमच्याच होत्या. फोटो काढताना मी त्या दुसऱ्या पानापासून उघडायचे. तुम्ही बाजूला दाभणात दोरा ओवत बसलेले असायचात. दिसतच असेल तुम्हाला.

एकदा मी म्हटलंही. "आप्पा, हे पान निदान शिवणीत तरी घ्या. नुसतं खळीवर चिकटवलंय, एकदम स्वस्तातलं काम दिसतं."

"सुटं असलेलंच बरं असतंय, पोरी."

"का पण?"

"तू लई शानी झालीस. मला काम करू दे."

एवढ्यावर विषय संपवलात. अजून एक वाक्य बोलला असतात तर काय बिघडलं असतं?

आता ते लिहिते, जे पाच महिने मी स्वतःशीसुद्धा पूर्ण बोललेले नाही.

वाळूजच्या त्या कंपनीची ऑर्डर. पाहुण्यांना भेट द्यायच्या दोनशे वह्या. तुमचा दम वाढलेला होता, चार टाके घालून झाले की भिंतीला टेकून बसायचात, तरी एकही वही दुसऱ्याच्या हातात दिली नाहीत. नमुन्याची वही मी पाठवली आणि त्यांच्या साहेबांचा फोन आला. माझे हात खळीनं भरलेले, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, वही छान आहे. पण पहिलं पान काहीतरी वेगळंच आलंय. चुकून लागलंय का?"

तुम्ही समोर बसला होतात. हातातलं दाभण तसंच धरून माझ्याकडे बघत होतात. मला काहीही म्हणता आलं असतं. आमची पद्धत आहे, म्हणता आलं असतं. त्यांना आवडलंही असतं! असल्या गोष्टी आवडतात लोकांना, मी त्याच तर विकते. पण मला लाज वाटली. पाचवीतली तीच लाज, आप्पा, तसूभरही कमी झालेली नव्हती.

"हो सर, चुकून लागलंय," मी म्हटलं. "सगळ्यांतून काढून देते."

तुम्ही दाभण खाली ठेवलंत. पट्टी घेतली, सुरी घेतली आणि एकेक वही मांडीवर घेऊन पानं काढायला लागलात. मी म्हटलं, मी काढते. तुम्ही मान हलवलीत. दोन दिवस तेच चाललं होतं. सुरी, मग धाप, मग पुन्हा सुरी. आणि मी, माझी अक्कल बघा, तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "बरं झालं शिवलेलं नव्हतं. किती पटपट निघतंय!"

"व्हय," तुम्ही म्हणालात. "तेच्यासाठीच सुटं असतंय."

मला काहीही कळलं नाही. तिसऱ्या आठवड्यात तुम्हाला दवाखान्यात नेलं, आणि मग तुम्ही घरी आलात ते तसेच आलात.

पुण्यानुमोदनाला वंदना संपल्यावर एकेक जण उठून तुमच्याबद्दल बोलत होता. रहीमचाचाही आले होते. नुसतं, "हाथ का सच्चा आदमी था," म्हणून खाली बसले. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी मानेनं नाही म्हटलं. लोकांना वाटलं, दुःखामुळे.

आज आईनं माझ्या मांडीवरची वही बघितली आणि भिंतीला टेकून बसली. तुम्ही बसायचात ना, अगदी तिथंच.

"तेंनी तुला कधीच सांगितलं नाय व्हय?" ती म्हणाली. "चौथीला असताना तेंच्या बापानं बाजारातून वही आणून दिली व्हती. नवी कोरी. पहिल्याच पानावर सवताचं नाव चुकलं. गुरुजी बघतील म्हणून पान फाडलं, तर मागचं सुटलं. ते उचकटून टाकलं, तर आणखी ढिली झाली. आठ दिवसांत वहीचा पार चोथा! बाप मारील म्हणून कडब्याच्या गंजीत लपवली, अन् शाळेचं तोंड बघितलं नाय पुन्हा."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला हसू यील म्हणायचे."

मला हसू आलं असतं, आप्पा? तुम्हाला खरंच असं वाटत होतं? आणि मग मनात आलं, का नाही वाटणार!

मग मी उठून कपाटातल्या माझ्या शाळेच्या वह्या काढल्या. तुम्ही एकही रद्दीत जाऊ दिली नव्हती. पाचवीतल्या त्या वहीच्या शिवणीत राखाडी पानाचा फाटका काठ अजून अडकलेला आहे. आणि सहावीपासून पुढं सगळ्या वह्यांचं हात बसायचं पान शिवलेलं नाही. नुसतं खळीवर चिकटवलेलं.

म्हणजे भूगोलाचं पान चिकटवताना तुम्हाला सगळं कळलं होतं. मी ते फाडलं हेही, आणि पुन्हा फाडेन हेही. न रागावता तुम्ही बांधायची रीतच बदललीत. पोरीनं पान फाडलं तरी तिची वही सुटू नये, शाळा सुटू नये. आणि मी त्याला स्वस्तातलं काम म्हटलं! तुम्ही नंतर सगळ्यांच्याच वह्या तशा बांधायला लागलात. तुमची कमाल आहे. एवढी मोठी गोष्ट पोटात घालून, "मला काम करू दे" म्हणायचं!

आता ह्या वहीबद्दल. दोनशे वह्यांतून कापलेली पानं तुम्ही नीट केलीत, वरून टाके घातलेत आणि शिकंज्यात ठेवलीत, कारण तिथं कुणी हात लावत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. आत कोरी असेल असं मला वाटलं. पण पहिल्या पानावर तुमचं अक्षर आहे. "चि. सूजाता". त्यावर काट. दुसऱ्या पानावर "चि. सुजाता हीस". तिसऱ्यावर पुन्हा तेच, थोडं सरळ. सहाव्या पानावर "अनेक आशिर्वाद" आलेत. शी दीर्घ असते हो, आप्पा. एरवी चिडवलं असतं मी तुम्हाला. नवव्या पानावर खाडाखोड नाही. तिथं लिहिलंय, "चि. सुजाता हीस अनेक आशिर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की".

आणि पुढं काहीच नाही.

मी सगळी पानं उलटून बघितली. दोनदा बघितली. काही नाही! काय कारण होतं, आप्पा? रागावणार होतात? चौथीतली गोष्ट सांगणार होतात? की मी म्हटलं ते मनावर घेऊ नकोस, असंच काहीतरी? तसं असेल तर ते मला नकोय. ते वाचवलं नसतं माझ्याच्यानं. नऊ पानं खर्चून तुमचा हात बसला आणि मग वेळच उरला नाही.

तुमच्या पानाला मी हात लावलेला नाही. त्याच्या समोरच्या पानावर हे लिहितेय. पेन जागोजागी अडकतं, दोऱ्यांवरून शाई फुटते. किती खोडलंय बघा!

मघाशी तो माणूस शिकंजा न्यायला आला होता. आईनं विचारलं, तेला काय सांगू? मी म्हटलं, सांग, अडकलाय, निघत नाही.

ते दोनशे लोक आता कुठं आहेत मला ठाऊक नाही. त्यांच्या वह्यांना ते पान परत लावता येणार नाही, आणि तुमच्यासमोर बोललेला तो शब्द मला परत घेता येणार नाही. त्यावर कितीही खळ लावली तरी तो चिकटायचा नाही. पण वह्या आता मीच बांधेन. उद्या कागजीपुऱ्याला जाते, रहीमचाचांकडून तळाचे ताव आणते. प्रत्येक वहीला पुढं एक पान लावीन, सुटं, नुसत्या खळीवर. आणि कुणाचा फोन आला, की मॅडम, हे पान चुकून लागलंय का, तर मी स्पीकर चालू ठेवून सांगेन, "नाही. ते माझ्या वडिलांनी लावलंय."

हात अजून बसलेला नाही, आप्पा. पण ह्या वेळी मी खोटं "हो" म्हणत नाहीये.

तुमची,
चि. सुजाता