पाच वॉटचा संच आणि खरे गुण

कट्-कडकट्, कट्-कट्. दौंड जंक्शनच्या तारघरात यंत्रामागे तंबाखूचा रिकामा डबा ठेवला की तार अशी खणखणीत वाजायची. तो आवाज मला आजही अक्षर न् अक्षर ऐकू येतो. म्हणून मी, जयसिंग केरबा शितोळे, वय ७९, निवृत्त तारबाबू, राहणार दौंड, बुद्धी शाबूत असताना आणि औषध, भीती वा सूनबाई यांपैकी कशाच्याही अंमलाखाली नसताना, हे लिहून ठेवतो.

१. राहते घर चिरंजीव विश्वजीत यास. तो कुरकुंभला शिफ्टवर असतो. घर वस्तुतः सूनबाई सायली हिचेच आहे. कागदावर तरी त्याचे राहो.

२. शाळेत पाठ केलेल्या कवितांच्या सात वह्या कन्या सुलक्षणा हिला. चालीवर म्हणाव्यात. मनात वाचल्यास हक्क रद्द.

३. गच्चीवरची माझ्या रेडिओच्या अँटेनाची तार सायलीला. जागतिक स्पर्धेच्या दिवशी तिने तीवर ओली गोधडी वाळत घातली आणि मला ब्राझील ऐकू आला नाही. क्षमा केली आहे, विसरलेलो नाही.

४. माझा हॅम रेडिओ संच, म्हणजे परवाना घेऊन हौसेने जगभर बिनतारी संदेश पाठवायचे यंत्र. शक्ती पाच वॉट, म्हणजे झिरोच्या बल्बाहून कमी. एवढ्यावर मी बावीस वर्षे कमी शक्तीच्या गटात जगाशी स्पर्धा केली. स्पर्धेत प्रत्येकाने समोरच्याचा संदेश कसा ऐकू येतो याचे गुण द्यायचे असतात. रिवाज असा की सगळे सगळ्यांना पूर्ण गुण देतात, पाचशे नव्व्याण्णव (स्पष्टपणाला पाचपैकी पाच, जोराला आणि सुराला नवापैकी नऊ), आणि लगेच विचारतात, "पुन्हा सांगा, काही कळले नाही."

चौथीत मी कवितेचे एक कडवे गाळले, तर गुरुजींनी दहापैकी चारच दिले. तेव्हापासून मी खरे गुण देतो. २०१३ साली माझा जिवलग, मांडवगण फराट्याचा मोटार रिवाइंडिंगवाला बाबुलाल तांबोळी, यास मी तीनशे एकोणचाळीस दिले. त्याने सवयीने मिळालेले गुण पाचशे नव्व्याण्णव लिहिले. आयोजकांकडे दोघांच्या नोंदी जुळल्या नाहीत, त्याचा तो संपर्क बाद झाला आणि तेवढ्यानेच करंडक हुकला. त्याने फोन केला.

"जयसिंगा, खोटं बोलाया तुजं काय जात हुतं?"

"चौथीपासूनचं सगळं," मी म्हणालो.

त्यानंतर अबोला. दोन वर्षांपूर्वी बाबुलाल गेला, अबोला राहिला.

सबब संच अशा परवानाधारकालाच द्यावा, जो खरे गुण देईल. विश्वजीतला मिळणार नाही. मला खूश करायला तो म्हणाला होता, "आबा, एकदम क्लिअर!" संच तेव्हा बंद होता. माझ्या सहीपर्यंत असा माणूस न मिळाल्यास संच माझ्यासोबत सरणावर ठेवावा.

स्थळ: दौंड. दिनांक: १९ जानेवारी २०२५.

साक्षीदार १: चांगदेव रामभाऊ काळे, शेजारी. (सही)

साक्षीदार २: पोस्टमास्तर यायचे होते. दार वाजवले ते त्यांनीच, असे समजून उघडले, तर बाबुलालच्या पत्नी खुर्शिदभाभी. बारा वर्षांत प्रथमच.

"भावजी, त्यांच्या माघारी म्या परीक्षा दिली. लायसन हाय. काल त्यांच्या सेटवर तुम्हाला ऐकलं."

"किती?"

"दोनशे एकोणतीस. आन् मधी मधी तर तुम्ही न्हाईच."

चांगदेवराव म्हणाले, "बरं झालं, दुसरा साक्षीदार आला."

परंतु ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये असा कायदा आहे. सबब भाभींची सही घेता येत नाही. ही जागा रिकामी ठेवली आहे.

(सही) जयसिंग केरबा शितोळे